आठ रुपयांची वीज आणि राहिलेला हप्ता

कराडच्या एका वाचकांनी विचारले आहे की, घराच्या गच्चीवर 10 किलोवॉटचा सौर संच बसवावा का. घरचा वापर महिन्याला 220 युनिट असून बिल सुमारे 2,300 रुपये येते. संचाची किंमत साडेपाच लाख. त्यातले साडेचार लाख पाच वर्षांच्या कर्जातून उभे करायचे आहेत. उरलेली वीज महावितरण 8 रुपयांनी विकत घेईल, ती पेन्शनच समजा, असे विक्रेत्याने सांगितले आहे. निवृत्तीला चौदा महिने राहिले आहेत. पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिले आहे, "बुकिंगचे 35 हजार भरायचे होते म्हणून 4 तारखेचा मेडिक्लेमचा हप्ता भरला नाही. नऊ वर्षांत एकदाही क्लेम केलेला नाही." पत्नीला सहा वर्षांपासून मधुमेह आहे. पत्रावर तारीख 19 आहे.

सौर संचाचे नंतर पाहू. वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीला साधारण 30 दिवसांची सवलत असते, म्हणजे पत्र लिहिले त्या दिवशी आपल्या हातात सुमारे पंधरा दिवस होते. तेवढ्यात हप्ता भरला तर नऊ वर्षांचे सातत्य टिकते. मात्र मधल्या दिवसांत उद्भवलेल्या आजारपणाचा खर्च मिळत नाही, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. मुदत हुकली तर नवी पॉलिसी घ्यावी लागेल, मधुमेहासाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ (ज्यात त्या आजाराचा खर्च मिळत नाही) पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजला जाईल, आणि या वयात, या आजारासह, कंपनी अर्जच नाकारू शकेल. क्लेम झाला नाही म्हणून हप्ता वाया गेला असे मानणे म्हणजे चोरी झाली नाही म्हणून कुलूप काढून टाकण्यासारखे आहे. नोकरीतले विमा संरक्षण असलेच, तरी ते बहुधा नोकरीबरोबरच संपेल. हे वाचताना हप्ता भरलेला नसेल, तर हे उत्तर बाजूला ठेवून आधी तो भरावा.

आता वीज. एक किलोवॉट महिन्याला साधारण 120 युनिट देतो. दहाचे वर्षाला 14 हजारांहून अधिक होतात आणि आपला वापर 2,600 च्या आसपास आहे. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे दिलेल्या आणि घेतलेल्या विजेची वजाबाकी करणाऱ्या पद्धतीत, जास्तीची युनिट पुढच्या महिन्यांच्या बिलातून वजा होतात, आणि 31 मार्चला जी शिल्लक राहते तिचा दर तीन रुपयांच्या आतबाहेर असतो. विक्रेत्याचे आठ रुपये कुठून आले, हे त्यालाच ठाऊक. विक्रीचे 35 हजार आणि वाचलेल्या बिलाचे 25 हजार धरून वर्षाला 60 हजार होतात, तर दहा टक्के व्याजाने कर्जाचे हप्ते वर्षाला 1 लाख 15 हजारांच्या जवळ जातात. पाच वर्षे दरवर्षी 55 हजारांची तूट, तीही बहुतांश निवृत्तीनंतर. याला पेन्शन म्हणायचे असेल तर ती आपण बँकेला देणार आहात. घरगुती सौर संचांसाठीच्या केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेचे अनुदानही 3 किलोवॉटला 78 हजारांवर थांबते, पुढच्या सात किलोवॉटना काहीच नाही.

आपल्याला 2 किलोवॉट पुरतात. सव्वा लाखाच्या आसपासच्या खर्चातून 60 हजारांचे अनुदान वजा केले की उरलेली रक्कम तीन-चार वर्षांत बिलातूनच वसूल होते, आणि कर्ज लागलेच तर 3 किलोवॉटपर्यंतच्या संचांना सरकारी बँका या योजनेत तारणाशिवाय, कमी व्याजाने देतात. बिलातला दरमहाचा स्थिर आकार मात्र भरावाच लागेल.

बुकिंगचे 35 हजार परत मागावेत. विक्रेता नाही म्हणाला, तर ती रक्कम वळती करून 2 किलोवॉटचा संच मागावा. तरीही तो दहावरच अडला, तर आठ रुपयांचा दर सही-शिक्क्यानिशी लिहून द्यायला सांगावे आणि त्या कागदाची वाट पाहत दुसरीकडून दरपत्रक घ्यावे.