चंद्राला पडतं ते खळं कोणतं?

विचारणा अशी आली आहे: 'आमची आजी रात्री अंगणात उभी राहून "चंद्राला खळं पडलंय, पाऊस येणार" म्हणायची. खळं म्हणजे धान्य मळायची जागा ना? मग ती चंद्राला कशी पडेल? की हा खड्डा-खळगा असल्या अर्थाचा निराळा शब्द आहे? आणि लिहायचं काय, खळं, खळे की खळी?'

आजीचं खळं मळणीचंच. खळग्यापर्यंत जायची गरज नाही. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातही 'खळें' या शब्दाला दोन्ही अर्थ दिले आहेत, धान्य मळायची जागा आणि चंद्रसूर्याभोवतीचं कडं.

ज्यांनी खळं पाहिलेलं नाही (आता बहुतेकांनी नसेलच, मळणी यंत्र आलं, ताडपत्री आली आणि खळं गेलं) त्यांच्यासाठी थोडं वर्णन करतो, कारण ते डोळ्यांपुढे आल्याशिवाय चंद्राचं खळं कळत नाही. शेतात जरा उंचवट्याची जागा बघून ती खणायची, पाणी मारून चोपायची, शेणाने सारवायची. जमीन दगडासारखी टणक व्हायला हवी, नाहीतर धान्यात माती येते. मधोमध एक खांब रोवायचा. त्याला कुणी तिवडा म्हणतं, कुणी मेढ. खांबाभोवती कणसं पसरायची, बैलांच्या तोंडाला मुसकी बांधायची आणि त्यांची पात, म्हणजे रांग, खांबाला जोडून गोल गोल फिरवायची. बैल तासन्‌तास त्याच वाटेने फिरतात. संध्याकाळी कणसं बाजूला केली की दिसतं ते असं: मध्ये एक खांब आणि त्याच्याभोवती स्वच्छ, गुळगुळीत, आखून काढल्यासारखं वर्तुळ.

आता मान वर करा. मध्ये चंद्र आणि त्याच्याभोवती तसंच वर्तुळ. आतली बाजू जरा काळसर, स्वच्छ केल्यासारखी. उपमा म्हणायचं तरी कसं तिला, जे खाली दिसलं तेच वर दिसलं.

शब्द संस्कृत 'खल' पासून आला. तो फार जुना आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात इंद्र म्हणतो की खळ्यावर पेंढ्या झोडपाव्यात तसा मी शत्रूंना झोडपतो, आणि तिथे शब्द हाच आहे, खल. गुजरातीत खळुं, कोकणीत खळें, हिंदीतल्या खलिहानातही तोच. (पसायदानातले 'खळ' मात्र दुष्ट लोक आहेत. त्यांना या खळ्यावर आणू नका.) सिंधुदुर्गात 'खळा' म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण. भात झोडायची जागा तीच आणि लग्नाचा मांडव घालायची जागाही तीच, त्यामुळे अर्थ सरकला.

या प्रश्नाच्या निमित्ताने सांगायला सगळ्यात मजा येते ती गोष्ट पुढे आहे. चंद्राच्या कड्याला इंग्रजीत 'हेलो' म्हणतात. तो शब्द ग्रीक 'हालोस' वरून आला आणि हालोस म्हणजे खळं! धान्य मळायचं, बैल फिरवायचं खळं. पहिल्या शतकात सेनेका या रोमन लेखकाने हे स्पष्टच लिहून ठेवलंय की ग्रीकांनी या तेजाच्या कड्याला खळं म्हटलं, कारण मळणीच्या जागा बहुधा गोल असतात. लॅटिनमध्ये खळ्याला 'आरेआ' म्हणत. त्याचाच अर्थ मोकळी जागा, अंगण असाही होता. म्हणजे मालवणी खळ्यासारखाच प्रवास. आपण 'आमच्या एरियात' म्हणतो ना, तो एरिया या आरेआचाच नातू.

इथे एक मोह आवरायला हवा. 'हालोस' आणि 'खळें' कानाला जवळचे वाटतात म्हणून ते सख्खे भाऊ ठरवू नयेत. ध्वनीच्या तेवढ्याशा सारखेपणावर व्युत्पत्ती उभी राहत नाही. नातं शब्दांचं नाही, बघणाऱ्यांचं आहे. ग्रीक शेतकऱ्याकडेही बैल होते, गोल खळं होतं आणि वर चंद्र होता.

मला नेहमी वाटत आलंय की हे नाव खळ्यावर झोपणाऱ्या कुणीतरी दिलं असावं. पुरावा नाही, माझा आपला तर्क. मळणी सुरू झाली की रास घरी जाईपर्यंत घरातलं कुणीतरी रात्री खळ्यावर राखणीला असायचं. अंगावर घोंगडी, पाठीखाली कडबा, डोळ्यांपुढे दुसरं काही नाही, फक्त आभाळ. त्यात खरिपाची मळणी मार्गशीर्ष-पौषात आणि ज्वारीची फाल्गुनाच्या आसपास, म्हणजे आभाळ स्वच्छ असण्याचे दिवस. भर पावसाळ्यात चंद्रच दिसत नाही, खळं कुठून दिसणार? तेव्हा चंद्राला खळं दिसायचं ते नेमकं जमिनीवर खळं मांडलेलं असताना, आणि पाऊस नको असायचा तोही तेव्हाच. आजीच्या 'पाऊस येणार' मध्ये आनंद होता की काळजी, हे आठवून बघा. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीस आणि मार्चच्या सुरुवातीला राज्यभर गारपीट झाली तेव्हा उभं आणि कापलेलं दोन्ही पीक गेलं. अशा वेळी दोन दिवस आधी रास झाकायची बुद्धी झाली तर ती केवढ्याची असते!

म्हणून भाकीत कितपत खरं, हेही शब्दाच्या चर्चेत बसतं. मोठं खळं पडतं ते खूप उंचावरच्या, विरळ दुधी पडद्यासारख्या ढगामुळे. हवामानखात्याच्या भाषेत सिरोस्ट्रेटस. या ढगात पाण्याचे थेंब नसतात, सहाकोनी बर्फकण असतात. त्यांतून जाताना प्रकाश किमान २२ अंशांनी वळतो, म्हणून कडं चंद्रापासून २२ अंशांवरच उमटतं, कमी नाही जास्त नाही. मोजायला यंत्र लागत नाही. हात ताठ लांब करून वीत पसरा, अंगठ्याचं टोक चंद्रावर ठेवा, करंगळी कड्याला टेकते. चंद्रबिंब स्वतः जेमतेम अर्ध्या अंशाचं, यावरून हे खळं केवढं थोरलं ते बघा.

उत्तर भारतावरून हिवाळ्यात पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारा पावसाळी हवेचा पट्टा) सरकतो तेव्हा त्याच्या पुढे बऱ्याचदा हाच पडदा येतो, आणि त्याचा प्रभाव कधीकधी खानदेश-विदर्भापर्यंत पोहोचतो. वळवाच्या दिवसांत दूरच्या गडगडाटी ढगांचे शेंडे पसरूनही तो तयार होतो. तेव्हा आजीचं म्हणणं निराधार नव्हतं. पण पडदा आला म्हणजे मागून पाऊस येतोच असं नाही. कित्येकदा नुसतं खळं पडतं आणि सकाळी लख्ख ऊन.

आता याच खळ्यावरची एक म्हण. माझ्या आजोळी ती अशी ऐकली: 'लांब खळं जवळ पाणी, जवळ खळं लांब पाणी'. गावागणिक शब्द बदलतात, पण उलटासुलटा झोका तोच. पहिल्यांदा ऐकलं की ही नुसती यमकाची गंमत वाटते. मघाशी म्हटलं की खळं वीतभरच असतं, मग ते जवळ कसं येईल? येत नाही. 'जवळचं खळं' ही वेगळीच गोष्ट आहे. चंद्राला अगदी चिकटून तांबूस कडेचं, रंगीत, लहानसं वलय दिसतं ते पाण्याच्या बारीक थेंबांच्या पातळ ढगातून. असे ढग पुष्कळदा येतात आणि काही न करता निघून जातात. बर्फाचं खळं लांब, पाण्याचं खळं जवळ. आपल्या लोकांनी दोघांना एकच नाव दिलं, पण म्हणीत ते वेगळे ठेवले आणि कुठल्याला घाबरायचं तेही बरोबर ओळखलं. नक्षत्रांच्या वाहनावरून पाऊस सांगणाऱ्या पंचांगापेक्षा मला ही म्हण जास्त भरवशाची वाटते. निदान ती आभाळाकडे बघून केलेली आहे.

जुन्या संस्कृत ग्रंथांत या कड्याला 'परिवेष' म्हणतात. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. हल्लीच्या बातम्यांत 'तेजोवलय', 'प्रभामंडल' असले शब्द येतात. मला ते देवांच्या तसबिरींसाठी ठीक वाटतात. घरचा, नेमका आणि चार पिढ्यांनी वापरलेला शब्द हाताशी असताना चंद्राला प्रभामंडल कशाला चढवायचं?

क्रियापदाकडेही लक्ष द्या. जमिनीवरचं खळं आपण करतो. आभाळातलं खळं पडतं, जसं धुकं पडतं, दव पडतं, ऊन पडतं, इंद्रधनुष्यसुद्धा पडतं. यातल्या निम्म्या गोष्टी वरून खाली येतच नाहीत. जे आपोआप उमटतं, कुणी केलेलं नसतं, त्याला मराठी 'पडलं' म्हणून मोकळी होते.

राहिलं लिहिण्याचं. बोलताना खळं, लिहिताना खळे किंवा खळं दोन्ही चालेल. विभक्ती लागली की खळ्याला, खळ्यात. खळी हे त्याचं अनेकवचन, तळं-तळी सारखं. कधी लांबचं आणि जवळचं अशी दोन्ही कडी एकाच रात्री दिसली, तर व्याकरणाने 'चंद्राला खळी पडली' असंच लिहावं लागेल. फक्त वाचणाऱ्याला वाटेल, चंद्र हसला.