मसाल्याचं सिरप: साखरतं कशाने, कडवटतं कशाने

प्रश्न: सकाळी पॅनकेकवर किंवा ओट्सवर घालायला मसाल्याचं गोड सिरप मी घरीच करते. पहिले दोन-तीन दिवस छान असतं, मग बाटलीच्या तळाशी साखरेचे खडे बसतात. घट्ट व्हावं म्हणून जास्त उकळलं तर खडे आणखी लवकर धरतात. दालचिनीची पूड घातली की सिरप बुळबुळीत होतं आणि लवंगेने कडवट. प्रमाण आणि कृती दोन्ही सांगाल का?

उत्तर: तुमच्या पत्रातच अर्धं उत्तर आहे. जास्त उकळल्यावर खडे लवकर धरतात, हे तुम्ही अगदी बरोबर टिपलंय. साधारण 20 अंश सेल्सिअसला 100 ग्रॅम पाण्यात जेमतेम 200 ग्रॅम साखर विरघळून राहू शकते, फ्रिजच्या गारव्यात त्याहूनही कमी. गरम असताना मात्र पाणी कितीतरी जास्त साखर सामावून घेतं. तुम्ही पाणी आटवत राहता, गरम सिरप पातळच दिसतं, म्हणून अजून थोडं आटवता आणि गार झाल्यावर जादा साखरेला राहायला जागा उरत नाही. गरम सिरपचा घट्टपणा डोळ्यांनी ठरवायला जाऊच नका. तो वजनाने ठरवा. माझा सगळा भरवसा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर असतो.

मसाल्याचं पाणी आधी वेगळं करून घ्या. साखरेच्या दाट पाकात मसाल्याचा अर्क सावकाश उतरतो, साध्या पाण्यात पटकन. अडीचशे मिलिलिटर पाण्यात बोटभर लांबीचे दालचिनीचे 2 तुकडे, 3 लवंगा, 1 चक्रीफूल आणि आल्याच्या चार-पाच पातळ चकत्या घालून, झाकण ठेवून, मंद आचेवर 10 मिनिटं उकळू द्या. गॅस बंद केला की लगेच लवंगा काढून टाका. लवंगेतलं युजेनॉल नावाचं द्रव्य जिभेला बधिर करतं, आणि लवंग फार वेळ पाण्यात राहिली की बाकी सगळ्या चवींवर तीच बसते. आता 6 वेलदोडे ठेचून सालांसकट घाला आणि पुन्हा झाकण ठेवा. वेलदोड्याचा वास वाफेबरोबर उडून जातो, म्हणून तो उकळायचा नाही, नुसता मुरवायचा. वीसेक मिनिटांनी पाणी स्वच्छ फडक्यातून गाळा.

दालचिनी अख्खीच हवी. पूड गरम पाण्यात फुगते, तिच्यातला चिकट भाग सुटतो आणि गार झाल्यावर सिरपला तार येते. ती पाकाची तार नव्हे, हे जिभेला लगेच कळतं. पूडच हाताशी असेल तर सिरपमध्ये घालू नका, खाताना वरून चिमूटभर भुरभुरवा.

आता पाक. जाड बुडाच्या रिकाम्या पातेल्याचं वजन करून कागदावर लिहून ठेवा. त्यात 200 मिलिलिटर मसाल्याचं पाणी (कमी भरलं तर साधं पाणी घालून पुरं करा), 300 ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ आणि चमचाभर लिंबाचा रस घाला. मंद आचेवर ढवळत साखर पूर्ण विरघळू द्या. उकळी फुटली की चमचा बाहेर! यापुढे ढवळायचं नाही. पातेल्याच्या कडेला साखरेचे कण चिकटलेले असतात. त्यातला एखादा जरी पाकात परतला तरी त्याच्याभोवती खडा वाढायला सुरुवात होते. म्हणून उकळी येताच दोन मिनिटं झाकण ठेवा. वाफेचं पाणी कडेवरून ओघळतं आणि हे कण धुऊन नेतं. लिंबाचं कामही इथलंच. आंबटपणामुळे थोडी साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात, आणि हे दोघं खडा जमू देत नाहीत. चमचाभर रसाची आंबट चव सिरपमध्ये जाणवत नाही.

झाकण काढून मध्यम आचेवर उकळत ठेवा आणि अधूनमधून पातेलं सांभाळून काट्यावर ठेवा, खाली जाड फडकं घालून. पातेल्याचं आणि फडक्याचं वजन वजा जाता आतला पाक 455 ग्रॅमच्या आसपास आला की थांबा. म्हणजे सिरपमध्ये साखर 66 टक्के झाली. मेपल सिरपचा दाटपणाही साधारण एवढाच असतो. थर्मामीटर असेल तर आणखी सोपं: तुमच्याकडे पाणी ज्या तापमानाला उकळतं त्याच्यावर 4 अंश. या क्षणी सिरप तुम्हाला पातळ वाटेल. वाटू दे. एकतारी पाकाच्या बरंच अलीकडे थांबायचं आहे, पूर्ण गार झाल्यावर ते बरोबर दाट होतं. फारच शंका आली तर फ्रिजमधल्या गार बशीवर थेंब टाकून मिनिटभराने बशी कलती करून पाहा.

व्हॅनिला घालायचा असेल तर गॅस बंद केल्यावर घाला.

प्रश्न: पांढऱ्या साखरेऐवजी ब्राउन शुगर चालेल का?

उत्तर: चालेल, आणि दालचिनी-आल्याबरोबर ती फार छान लागते. ब्राउन शुगर म्हणजे साखर आणि थोडी मळी. या मळीची चव भारदस्त असते, तिच्यापुढे वेलदोडा टिकत नाही. मी अर्धी पांढरी, अर्धी ब्राउन घेते. सगळीच ब्राउन घेतलीत तर वेलदोडा वगळा आणि आलं वाढवा.

प्रश्न: साखर निम्मी केली तर?

उत्तर: तर ते सिरप राहत नाही, सरबत होतं, आणि फार दिवस टिकतही नाही. सिरपमधली साखर गोडीबरोबर टिकवण्याचंही काम करते. ती पाणी स्वतःकडे धरून ठेवते, त्यामुळे बुरशीला आणि जंतूंना ते मिळत नाही. कमी गोड हवंच असेल तर मसाल्याच्या त्याच पाण्यात सफरचंदाच्या फोडी सालांसकट मऊ शिजवा, गाळणीतून दाबून काढा आणि चवीपुरती साखर घाला. सफरचंदातल्या पेक्टिनमुळे दाटपणा येतो. हे फ्रिजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवायचं.

प्रश्न: साखरेऐवजी मध घालून केलेलं सिरप नऊ महिन्यांच्या बाळाला चाटवलं तर चालेल?

उत्तर: नाही. एक वर्षाखालच्या बाळाला मध कुठल्याच रूपात देऊ नका, उकळलेलाही नाही. मधात बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि ते घरगुती उकळीने मरत नाहीत. साखरेचं सिरपही या वयात नकोच.

प्रश्न: बाटलीत वरच्या बाजूला बुरशी येते. फ्रिजमध्ये ठेवूनही.

उत्तर: तुम्ही बहुधा गरम सिरपवर लगेच झाकण लावत असाल. आत वाफेचे थेंब जमतात, ते सिरपवर पडतात आणि वरचा थर पातळ होतो. बुरशी तिथेच धरते. काचेची बाटली उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण कोरडी करा, ती कोमट असतानाच गरम सिरप ओता (गार काच तडकते), तोंडावर स्वच्छ फडकं टाका आणि पूर्ण गार झाल्यावर झाकण लावा. ओला किंवा उष्टा चमचा आत घालू नका, बाटली कलती करून ओता. असं ठेवलेलं सिरप फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे चांगलं राहतं. बुरशी दिसली तर वरची काढून खालचं वापरू नका, सगळंच टाकून द्या. तळाशी नुसते खडे दिसले तर मात्र बाटली गरम पाण्याच्या भांड्यात उभी करा, ते विरघळतात.