आधी घरचं देणं विचार

प्रिय पोरी,

जालना जिल्ह्यातल्या मंठ्याकडच्या, घर सोडून आलेल्या त्या मुलाला जानेवारीत तू घरी पोचवून आलीस आणि आता तो पुन्हा कल्याणच्या फलाटावर सापडला. "सर, तो आमच्याशी खोटं बोलला का?" असं विचारतेस. नाही. जे विचारलं त्याचं उत्तर त्यानं दिलं. घरी मारतात का, शाळा आवडत नाही का, हे तुम्ही विचारलंत. घरी कुणाचं किती देणं आहे, हे कुणी विचारलं?

आधी देणं विचार.

त्या भागात पावसाळ्यात हाताला काम नसतं, तेव्हा ऊसतोडीला मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, देतो. एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, ५० हजार, कधी लाखाच्या वर. पैसा लग्नात, दवाखान्यात, मागच्या देण्यात जातो. दिवाळीच्या आगेमागे टोळी साखर कारखान्याकडे निघते, ती पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, तिकडेच. मोठी मुलगी कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकट्याला सांभाळते, मुलगा वाढ्याच्या, उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधतो. परत येईतो वर्ग पुढे गेलेला. सहावीतल्या पोराला तिसरीचा धडा वाचता येत नाही, तो वर्गात बसणार कसा? त्यात उचल फिटलेली नसते, बाकी पुढच्या हंगामावर चढते. अशात गावातला कुणी शहरातल्या हॉटेलात असतो, तो म्हणतो, द्या पोराला माझ्याबरोबर. ही सगळी बोलणी मुलानं अंथरुणात पडल्या पडल्या ऐकलेली असतात.

आणि तू त्याला जानेवारीत घरी नेलंस! आई-बाप उसाच्या फडात, घरात एकटी आजी. तिच्या अंगठ्यावर मूल सोपवलंस. तो राहील कुणासाठी?

रागावू नकोस. तुझी तळमळ मला दिसते, म्हणूनच लिहितोय. बाल न्याय कायद्याप्रमाणे मुलाला २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करणं तुम्ही चोख करता. पण मुलाच्या घरच्या परिस्थितीचा सामाजिक तपासणी अहवाल सरपंचाला फोन करून भरलेला असेल, तर मला दाखवू नकोस. मी मुलं अडकवून ठेवतो, असं एका कार्यालयात मला सगळ्यांसमोर सुनावलं होतं. मी हटलो नाही. आजही म्हणतो, मूल उशिरा घरी गेलं तरी चालेल, पण देणं कळल्याशिवाय जाऊ नये. मला सलतं ते एवढंच, की माझं आयुष्य फलाटांवर गेलं. मुकादमाच्या दारापर्यंत मी फार कमी वेळा पोचलो. तू पोच.

आता टोळ्या परततील. मुलाला इथंच राहू दे, आधी तू जा. बापाशी बोल, आईशी वेगळं बोल. बाकी किती, मुकादम कोण, पुढची उचल घेतली का, लिहून घे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृहं जाहीर झाली. त्या बाजूला कुठलं चालू आहे, जेवण मिळतं का, स्वतः आत जाऊन बघ. अंतिम आदेशाला कायद्यात ४ महिने आहेत. समितीकडे मुदत माग, आणि कुणी घाई केली तर माझं नाव सांग.

तुझा,
सर