अश्वगंधा कॅप्सूल : रिपोर्ट असूनही लिस्टिंग का अडकलं?

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) युनिटबद्दल तुम्ही विचारलंय की एफएसएसएआयचं (भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) लायसन्स आहे, एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबचा रिपोर्टही आहे, तरी अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉनवर माल अडकलाय. आता काय करायचं?

एफएसएसएआयचं लायसन्स तिथे चालत नाही. अमेरिकेची औषध-अन्न नियामक संस्था एफडीए सप्लिमेंटला विक्रीआधी मंजुरी देत नाही, सगळी जबाबदारी उत्पादकावर असते. म्हणून पुरावा दुकानच मागतं. २०२४ पासून अ‍ॅमेझॉनला नुसता अपलोड केलेला कागद पुरत नाही, स्वतंत्र तपासणी संस्थेची थेट पडताळणी लागते. जीएमपी (चांगल्या उत्पादन पद्धतींचे नियम), लेबलवर लिहिलेलं प्रमाण, दूषित घटक, न सांगता मिसळलेलं औषध, हे सगळं ती संस्था बघते. त्यामुळे लॅबवर चिडण्यात अर्थ नाही.

पण तुम्ही रिपोर्टमधले जे आकडे दिलेत, त्यांची मला जास्त काळजी वाटते. विथॅनोलाइड्स (अश्वगंधातले मुख्य घटक) ५ टक्के, पद्धत ग्रॅव्हिमेट्री, म्हणजे वजन करून मोजणं. या पद्धतीत इतर पदार्थही वजनात धरले जातात, त्यामुळे आकडा फुगतो. तोच अर्क एचपीएलसीवर (प्रत्येक घटक वेगळा करून मोजणाऱ्या यंत्रावर) लावला की बराच कमी भरतो. लेबलवर ५ टक्के छापलं आणि तपासणी एचपीएलसीने झाली तर माल नापास. शिवाय पानं मिसळलेल्या अर्कातही विथॅनोलाइड्स दिसतात, म्हणून माल मुळांचाच आहे याची ओळख-चाचणी वेगळी करून घ्या.

दुसरा आकडा शिशाचा. १ पीपीएम (दहा लाखात एक भाग), शेरा ‘पास’. आपल्याकडे आयुर्वेदिक औषधांसाठी मर्यादा १० पीपीएम आहे, त्या हिशेबाने बरोबरच. पण तुमचा डोस ५०० मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल, म्हणजे दिवसाला १ ग्रॅम. पोटात जाणार १ मायक्रोग्रॅम शिसं. कॅलिफोर्नियात प्रॉप ६५ या घातक रसायनांबद्दलच्या कायद्याखाली दिवसाला ०.५ मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की इशारा छापावा लागतो. हिशेब नेहमी रोजच्या डोसवर करा, नुसत्या पीपीएमवर नको. लोक हे महिनोन्‌महिने रोज घेतात, तेव्हा ही बारकाई केलीच पाहिजे.

पडताळणीची फी भरण्याआधी सप्लायरकडून त्याच बॅचचा अर्क मागवा. विथॅनोलाइड्स एचपीएलसीवर आणि शिशासारखे धातू आयसीपी-एमएसवर (अतिसूक्ष्म प्रमाणातले धातू मोजणाऱ्या यंत्रावर) करून घ्या. रिपोर्टवरचा बॅच नंबर बाटलीवरच्या नंबराशी जुळतोय ना, तेही बघा. आणि लेबलं छापायला दिली असतील तर ती तेवढी आजच थांबवा.