जळगावात वर्तमानपत्रासाठी नव्यानं सांस्कृतिक बीट (नाटक, उत्सव, कार्यक्रमांच्या बातम्या) घेणाऱ्यास

राज्य नाट्य स्पर्धेची बातमी पडदा पडल्यावर लिहायला घेतलीस तर आवृत्ती चुकणार. संघ, लेखक, दिग्दर्शक, प्रकाशयोजना, नेपथ्य ही नावं दुपारीच संघाकडून घे. प्रेसनोटवर विसंबू नकोस, तिच्यात आडनावं हमखास चुकतात. फोटो रंगीत तालमीत काढ. प्रयोगात फ्लॅश नको. फोटोखालच्या ओळीत 'डावीकडून' लिहून नावं दे. 'रसिकांचा भरभरून प्रतिसाद' हे वाक्य तर खोडूनच टाक, त्यापेक्षा रिकाम्या रांगा मोजून लिही.

बोलीचं प्रकरण जरा नाजूक. कवयित्री बहिणाबाई चौधरींची भाषा सरसकट अहिराणी म्हणून छापू नकोस. ती लेवा गणबोली, म्हणजे लेवा पाटीदार समाजाची बोली, आणि चुकलं तर वाचक दुसऱ्या दिवशी फोन करतात. अहिराणी अवतरणात 'डोया' असेल तर उपसंपादक सवयीनं 'डोळा' करतो. कॉपीतच कंसात लिही: बोली, बदलू नये. मग छापायच्या पानावर एकदा स्वतः नजर टाक.

खानदेशातल्या कानबाई देवीचा उत्सव नागपंचमीनंतरच्या रविवारी, सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला. दोन्हींसाठी गावातला माणूस आठवडाभर आधी गाठून ठेव. सत्कार-उद्घाटनांना चार ओळी पुष्कळ.