होस्टेल नाही लागलं, आता काय?

प्रश्न: ताई, मुलगा भंडाऱ्याहून नागपूरला बीएस्सीला आला, शासकीय वसतिगृहाच्या यादीत नाव नाही लागलं, रूम अन् मेस मिळून खर्च झेपत नाही, आम्ही एससी आहो, काही होऊ शकते का?

उत्तर: होते ना दादा! डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना अशाच मुलांसाठी आहे, 2016-17 पासून सुरू आहे. नागपूरसाठी वर्षाला 60,000, म्हणजे 32,000 जेवणाचे, 20,000 रूमचे अन् 8,000 वरखर्चाचे, थेट मुलाच्याच खात्यात. उत्पन्नाचा दाखला अडीच लाखांच्या आतला पाहिजे अन् मुलगा नागपूरचाच रहिवासी नको. खातं आधारशी लिंक आहे का ते आधी बँकेत जाऊन बघा, बरेच जण तिथंच अडकतात. बाकी कागद दीक्षाभूमीजवळच्या सामाजिक न्याय भवनात विचारा, रूमच्या भाड्याचा पुरावा मात्र घरमालकाकडून आत्ताच घेऊन ठेवा, मागून ते लोक टाळतात. अन् हो, 75 टक्के हजेरी लागते, कॉलेज बुडवून क्लासला पळू नको म्हणावं. पैसे हप्त्यानं येतात, उशीरही होतो, त्यामुळे पहिले काही महिने मेसवाल्याची सोय तुम्हालाच करावी लागेल.