अठरा वर्षांच्या पोरांवर भिस्त

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या संघात नोंदी ठेवायचं काम मिळालं याचा आनंद झालाच, पण शेवटच्या ओळीवर हसू आलं. "काका, आमच्या ऑफेन्समध्ये अकरापैकी पाच जण फ्रेशमन आहेत. म्हणजे सीझनची वाट लागली ना?"

लागेलही. पण चढाई करणाऱ्या अकरांतले पहिल्या वर्षाचे हे पाच कुठले, ते तू लिहिलंच नाहीस.

मी काही कोच नव्हे, हे तुला माहीत आहे. एका विद्यापीठात खेळाडूंना संख्याशास्त्र शिकवायचो, सराव आटोपून, जेवून मुलं यायची तेव्हा, रात्री. त्यामुळे मला फ्रेशमन दिसला तो मैदानावरचा कमी आणि टेबलावर डोकं ठेवून पेंगणारा जास्त. माझं बरंचसं शहाणपण त्या टेबलावरचं आहे. तेवढ्याच मापाने घे.

पाचांतले दोघे रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, असतील तर निवांत झोप. रिसीव्हरचं काम अवघड असतं, पण ते मोकळ्या जागेतलं. वेग, उडी, हात हे सगळं पोरगा घरून घेऊन येतो. ओहायो स्टेट विद्यापीठाचा जेरेमाया स्मिथ 2024 मध्ये फ्रेशमन होता. त्याने 1,315 यार्ड आणि 15 टचडाउन केले, आणि नोत्र दामविरुद्धच्या अंतिम सामन्यात, तिसऱ्या डाउनवर, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नात, 11 यार्ड हवे असताना, 56 यार्डांचा झेल घेऊन सामना खिशात घातला. पण त्याला चेंडू टाकणारा क्वार्टरबॅक विल हॉवर्ड पाचव्या वर्षाचा होता, हे तुझ्या तक्त्यात कुठेतरी दिसायला हवं.

चेंडू घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकचंही तसंच. हर्शेल वॉकरने 1980 मध्ये जॉर्जियासाठी पहिल्याच वर्षी 1,616 यार्ड पळून काढले आणि संघ राष्ट्रीय विजेता झाला. फक्त पासच्या वेळी ब्लिट्झ करून, म्हणजे थेट क्वार्टरबॅकवर धावून, येणारा माणूस ओळखून अडवणं त्यांना उशिरा जमतं. त्यावर डोळा ठेव.

खरी धास्ती लाइनची, क्वार्टरबॅकपुढे उभं राहून समोरच्यांना अडवणाऱ्या पाच जणांची. तिथे 18 वर्षांच्या मुलासमोर 22 वर्षांचा बाप्या उभा असतो, चार वर्षं वजनं उचललेला. पण ताकदीचं मी सोडून देतो, ते डोळ्यांना दिसतं. न दिसणारी गोष्ट अशी की लाइनमधल्या पाच जणांना एकाच क्षणी एकच उत्तर सुचावं लागतं. मधला सेंटर बचाव बघून हाक देतो, ती हाक शेजारच्या गार्डकडून कडेच्या टॅकलपर्यंत जाते, आणि तेवढ्यात समोरचे दोघे आपापसात जागा बदलतात. आता कोणी कोणाला घ्यायचं? शेवटच्या वर्षाचा सीनियर बोलत नाही, नुसता खांदा वळवतो. फ्रेशमन अर्धा सेकंद विचार करतो, आणि तेवढ्यात क्वार्टरबॅक आडवा. 1989 मध्ये कराचीला 16 वर्षांचा सचिन उतरला आणि 15 धावांवर बाद झाला, तर तो एकटाच तंबूत परतला. लाइनमधला पोरगा चुकला की बरगड्या दुसऱ्याच्या मोडतात. म्हणून पाचांतले तिघे लाइनमध्ये असतील, तर तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर "हो" असं आहे.

आणि क्वार्टरबॅक? इथे मी तुला मिशिगनचे दोन सीझन शेजारी शेजारी ठेवून बघायला सांगेन. 2004 मध्ये ठरलेल्या मॅट गुटिएरेझचा खांदा दुखावला आणि फ्रेशमन चॅड हेनी पहिल्या सामन्यापासून खेळला. रनिंग बॅक माइक हार्टसुद्धा फ्रेशमनच. दुसऱ्याच सामन्यात नोत्र दामने त्यांना 28-20 असं हरवलं, लोकांनी कपाळाला हात लावले. तरी हेनीने वर्षभरात 25 टचडाउन पास टाकले, हार्टने 1,455 यार्ड काढले, आणि संघ बिग टेन या विद्यापीठांच्या लीगचा सहविजेता झाला. का? कारण बाजूला ब्रेलन एडवर्ड्स हा सीनियर रिसीव्हर होता. चेंडू जरा इकडेतिकडे गेला तरी तो वर उडी मारून खाली काढायचा. मिशिगन स्टेटविरुद्ध चौथ्या क्वार्टरमध्ये 27-10 असे मागे असताना तसंच झालं, आणि तीन ओव्हरटाइमनंतर 45-37 असा सामना काढला. समोर लाइनमध्ये डेव्हिड बास, ज्याला त्या वर्षी सर्वोत्तम सेंटरचा पुरस्कार विभागून मिळाला.

आता 2009. पुन्हा फ्रेशमन क्वार्टरबॅक, टेट फोर्सिए. त्याच्या मागे दुसरा फ्रेशमन, डेनार्ड रॉबिन्सन. सुरुवात झकास. नोत्र दामला अखेरच्या 11 सेकंदांत टचडाउन करून 38-34 हरवलं, पहिले चारही सामने जिंकले. रॉबिन्सनने तर कारकिर्दीतला पहिलाच स्नॅप, म्हणजे सेंटरने मागे दिलेला चेंडू, हातातून सोडला, उचलला आणि 43 यार्ड पळून टचडाउन केला. सगळं गाव वेडं झालं होतं. मग सेंटर डेव्हिड मोल्कचा पाय मोडला, तो परत आला तर गुडघा गेला, आणि लाइनची जुळणी पुन्हा पुन्हा बदलावी लागली. शेवट 5-7. ओहायो स्टेटविरुद्धच्या अखेरच्या सामन्यात फोर्सिएचे चार पास बचावाने पळवले.

लोक म्हणतात हेनी मोठा खेळाडू होता, फोर्सिए नव्हता. असेलही. मी मात्र त्या दोन सेंटरांकडे बघतो.

1972 पर्यंत फ्रेशमनना मुख्य संघातून खेळायची परवानगीच नव्हती. पहिलं वर्ष अभ्यासात आणि नव्या जागेत रुळण्यात जावं, असा जुना विचार. माझ्या टेबलाशी बसणारे पोरगे बघितले की तो विचार अगदीच खुळा वाटायचा नाही. एकजण मला सरासरी आणि मध्यक यांतला फरक चार वेळा विचारायचा, आणि पाचव्या वेळी एकदम रडायला लागला. फरक त्याला कळलेला होता. त्याच दिवशी प्लेबुकची, म्हणजे ठरवलेल्या खेळ्यांच्या वहीची, नवी पानं मिळाली होती, घरी आजी आजारी होती आणि कपडे धुवायचं मशीन कसं लावायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. शनिवारी तोच मुलगा स्नॅपच्या आधी हलला की 80 हजार लोक त्याला मठ्ठ म्हणायचे.

म्हणून कोचने प्लेबुक कमी केली का, हे बघ. 1985 मध्ये ओक्लाहोमाच्या क्वार्टरबॅक ट्रॉय एकमनचा घोटा मोडला आणि जमेल होलिवे हा फ्रेशमन आत आला, तेव्हा कोच बॅरी स्वित्झरने पासचा खेळ गुंडाळून आपली जुनी विशबोन, पळण्यावर बेतलेली रचना, बाहेर काढली. त्या पोराला पळता येत होतं, त्याला पळू दिलं. विजेतेपद मिळालं.

आणि महिना बघ. अलाबामाचं उदाहरण सगळे देतात: जानेवारी 2018, जॉर्जियाविरुद्ध अर्ध्या सामन्यात 13-0 मागे, क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला बसवून फ्रेशमन तुआ टागोवायलोआला आणलं. ओव्हरटाइममध्ये आधी त्याने 16 यार्ड गमावणारा सॅक खाल्ला, म्हणजे चेंडू हातात असतानाच पाडला गेला, पक्की फ्रेशमनची चूक, आणि पुढच्याच खेळीला डिव्हॉन्टा स्मिथला 41 यार्डांचा विजयी पास दिला. स्मिथ फ्रेशमन, आणि जखमी लेफ्ट टॅकलच्या जागी आलेला अॅलेक्स लेदरवुडही फ्रेशमन. पण तुआ त्या वेळी अख्खं वर्ष तिथे सराव करून बसला होता. सप्टेंबरचा फ्रेशमन आणि जानेवारीचा फ्रेशमन हे एकाच मापाने मोजू नकोस.

तुझ्या कामाचं एवढंच सांगतो. यार्ड सगळेच मोजतात. तू प्रत्येक फसलेल्या खेळीपुढे दोन वेगळे रकाने कर, "हरला" आणि "चुकला". पोरगा योग्य माणसासमोर जाऊन मागे ढकलला गेला, तर हरला. त्याला खुराक आणि वजनं लागतील, या वर्षी इलाज नाही. भलत्याच माणसाला अडवायला गेला, तर चुकला. हा दुसरा रकाना दर आठवड्याला आटत जायला हवा. ऑक्टोबरमध्येही आटला नाही, तर प्लेबुक जड झालीय असं कोचला सांगायचं धाडस कर. आधी त्यांच्या सहायकाला सांग, थेट जाऊ नकोस.

तिसरा रकाना प्ले क्लॉकचा, म्हणजे पुढची खेळी सुरू करायला मिळणाऱ्या वेळाच्या घड्याळाचा. 40 सेकंदांपैकी स्नॅपच्या वेळी किती उरले होते ते लिही. घरच्या मैदानावर 12 उरत असतील आणि बाहेरगावच्या गोंगाटात 2, तर पोरं अजून एकमेकांना विचारतायत.

पहिला बाहेरगावचा सामना कधी आहे ते कळव. टीव्हीवर बघेन, आणि कोपऱ्यातल्या त्या घड्याळाचे आकडे मीही लिहून ठेवेन. रविवारी फोन कर, तुझे आणि माझे ताडून बघू.

तुझा,
काका